न वाळणारे पट्टे

माझे भावोजी रस्त्यावर पांढरे पट्टे मारतात. पायी चालणाऱ्याने रस्ता कुठून ओलांडावा हे अर्थात ते ठरवत नाहीत. ते साहेब नकाशावर ठरवतात, आणि साहेब गाडीतून फिरतात. भावोजी नेमून दिलेल्या जागी सुतळी ताणतात, तापवलेला रंग ओततात आणि कडा अशा सरळ काढतात की बघत राहावं. गाडीवालेही बघतात. बघत बघत त्याच वेगाने वरून जातात.

माणूस नाकासमोर चालणारा. रंग वाळला की प्लास्टिकचे नारिंगी कोन गोळा करायचे, टेम्पोत टाकायचे, घरी यायचं. अर्धवट काम त्यांना घासातल्या खड्यासारखं लागतं.

आमच्या आईला या जावयाचा भारी अभिमान. तिच्या घरासमोर त्यांनी पट्टे मारले तेव्हा खिडकीत खुर्ची टाकून तिने सगळा सोहळा पाहिला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि व्यायामाचा दवाखाना नेमका रस्त्यापलीकडे. दुसऱ्याच दिवशी वॉकर घेऊन, पट्ट्यांवर पूर्ण विश्वास टाकून बाई निघाल्या. एका गाडीने वॉकरचा पाय वाकवला. वर गाडीवाल्याने काच खाली करून तिलाच सुनावलं, "आजी, बघून चालता येत नाही?" येत होतं की. म्हणून तर ती पट्ट्यांवरून चालत होती.

त्या दिवसापासून तिने दवाखान्याचं नाव टाकलं. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, "म्हणजे दोघी मरू." गुडघा आखडायला लागला. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, व्यायाम बंद पडला तर चालणंही बंद पडेल.

भावोजींनी हे सगळं ऐकलं आणि चहा गार होऊ दिला. मग म्हणाले, "इतकी वर्षं भर रस्त्यात उकिडवा बसून काम करतोय, साधा ओरखडा नाही."

"तुमचं नशीब!"

"नशीब कसलं! कोन मांडले की रस्ता अरुंद होतो. गाडीला चरा पडेल म्हणून सगळे हळू जातात. कोन उचलले की नुसते पट्टे उरतात. पट्ट्यांनी चरा पडत नाही."

माणूस चिरडेल याची नाही, रंग खरवडेल याची धास्ती. आपल्या लोकांचं काळीज किती हळवं असतं पाहा!

दुसऱ्या दिवशी भावोजी नारिंगी जाकीट घालून आईच्या दारात हजर. दोन्ही बाजूंना कोनांची रांग, मधे जेमतेम एक गाडी जाईल एवढी जागा, शेजारी 'काम चालू आहे'ची पाटी. एका पट्ट्याची कड उगाच पुन्हा रंगवली आणि जन्मात पहिल्यांदा कोन तिथेच सोडून ते घरी आले. ताई सांगते, त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

कुणी काही विचारलं नाही. जाकीट आणि पाटी असली की भर चौकात विहीर खणली तरी लोक वळसा घालून जातील. सायकलवाले तर कोनांच्या आतून जहागिरी मिळाल्यासारखे निवांत जाऊ लागले. आई पुन्हा दवाखान्यात जायला लागली.

बऱ्याच महिन्यांनी, भावोजी सरकलेले कोन नीट करायला आले असताना, साहेबांची गाडी त्या फटीपाशी अडकली. साहेब तणतणत उतरले. "हे काम अजून संपलं नाही?"

खोटं बोलायची सवय नसल्याने भावोजींचे कान लाल झाले. "रंग वाळतोय, साहेब."

साहेबांनी वाकून पट्ट्यावर बोट टेकवलं. ठणठणीत कोरडा. नोकरी गेलीच, असं भावोजींनी गृहीत धरलं. तेवढ्यात साहेबांनी मान वर केली. आई वॉकर टेकत टेकत मधोमध आली होती आणि एक अख्खा ट्रक तिच्यासाठी हॉर्नही न वाजवता उभा होता.

साहेबांनी ते कोरडं बोट रुमालाला पुसलं.

"ओलाच आहे अजून," म्हणाले, आणि गाडीत जाऊन बसले.

भावोजी पाठ फिरवून डोळे पुसत होते. आईला वाटलं, जावई कामाच्या घाईत घाम पुसतायत. पलीकडे पोचून तिने हाक मारली, "सावकाश होऊ द्या हो! मला काही घाई नाही."