शांततेचा रकाना

माझी पहिली नोकरी महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या गावी, सरकारी रेडिओत. तिथे मी एक गोष्ट पक्की शिकले, ती म्हणजे शांततेला घाबरायचं. प्रसारण चालू असताना काही सेकंद आवाज गेला तरी लॉगबुकात नोंद व्हायची आणि दुसऱ्या दिवशी टेबलावर मेमो यायचा: कारण दाखवा. पहिल्याच वर्षी मला तीन मेमो मिळाले. त्यातला एक तर निवेदकाला शिंक आली म्हणून. ते अंगात असं भिनलं की आजही घरात मिक्सर मध्येच बंद पडला तर मी आधी घड्याळ बघते.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनला आले ती नवऱ्याच्या हॉस्पिटलच्या नोकरीमागोमाग. इथे एका छोट्या कंपनीत काम मिळालं. आसपासच्या देशांना स्टुडिओची आणि ट्रान्समीटरची यंत्रं बसवून द्यायची आणि मग डार्विनमध्ये बसून कॉम्प्युटरवरून त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या, पण पगारी. दोन वर्षांपूर्वी उत्तरेकडच्या एका देशाच्या सरकारी रेडिओचं काम माझ्याकडे आलं. देशाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, बदनामी त्यांची कशाला. विमानात बसून चहा येईपर्यंत उतरायची वेळ होते, इतका तो जवळ. सरकारी टीव्ही तिथे राजधानीच्या आसपास दिसतो. डोंगरात मोबाइलला रेंज नाही, तिथे सगळी भिस्त रेडिओवर.

त्या रेडिओवर रोज दुपारी बारा वाजता एक यादी वाचतात. काल कोण गेलं, कुठल्या गावचं, माती कधी. दूरच्या डोंगरातले नातेवाईक ते ऐकून चालत निघतात. ही यादी तीस वर्षं एकच बाई वाचत होती. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठी, बुटकी, गळ्यात चष्म्याची दोरी. आम्ही दोघी मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलायचो. मी तिला ताई म्हणायचे. तो शब्द तिने लगेच उचलला आणि त्यांच्याकडचा धाकट्या बहिणीचा शब्द मला लावला.

तिथे मी दोन गोष्टी बसवल्या. एक यंत्र माइकमधला पंख्याचा, रस्त्याचा बारीकसारीक आवाज कापून टाकायचं. दुसरं शांततेवर पहारा करायचं. वीस सेकंद काही ऐकू आलं नाही की ते आपोआप राखीव गाणी सुरू करायचं. माझ्या तीन मेमोंवरचा हा रामबाण उपाय होता. सोबत भरायचा एक फॉर्म होता. त्यात एक रकाना: कार्यक्रमात ठरवून ठेवलेली शांतता आहे का? मला तो प्रश्नच हास्यास्पद वाटला. ठरवून कोण गप्प बसेल रेडिओवर? मी कोणाला न विचारता तिथे ‘नाही’ टाइप केलं आणि डार्विनला परत आले.

चौथ्या दिवशी ती यंत्रं प्रत्यक्ष सुरू झाली आणि त्याच दुपारी माझ्या स्क्रीनवर संदेश आला: शांतता आढळली, राखीव गाणी सुरू. मी खूश झाले. बॉसला बोलावून दाखवलं. “ब्युटी,” तो म्हणाला, म्हणजे इकडचं ‘झकास’. दोन तासांनी तिकडच्या तंत्रज्ञाचा फोन आला, तेव्हा कळलं की आम्ही काय साजरं केलं होतं.

यादी वाचून झाली की ताई एक मिनिट स्तब्ध बसायची. रोज, तीस वर्षं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं, म्हणून मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्या दिवशी यादीत सात नावं होती. वीस सेकंदांनी सात घरांच्या दुःखावर एका साबणाच्या जाहिरातीचं नाचरं गाणं वाजलं. लोक संतापले. चौकशी झाली. नवं यंत्र चुकेल कसं, म्हातारीनेच भलतं बटण दाबलं असणार, असं वरच्यांनी ठरवलं आणि तिला माइकवरून उठवून जुन्या टेपांच्या खोलीत बसवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर इथे एसीत.

बॉसने रिपोर्ट तयारच ठेवला होता. कारण: ऑपरेटर एरर. खाली सहीला माझी जागा.

“साइन कर, मेट. पुढे टीव्हीचं कॉन्ट्रॅक्ट आहे. उगाच इश्यू नको.”

“ऑपरेटरची एरर नाही. माझी आहे.”

“कोणाला कळणार आहे?”

“मला कळलंय ना.”

घरी नवराही तेच म्हणाला. “अगं, तुझा जॉब जाईल. तिला तर त्यांनी फक्त दुसऱ्या रूममध्ये बसवलंय.”

“तीस वर्षं बोलणाऱ्या बाईला टेपांच्या खोलीत बसवणं म्हणजे फक्त?” मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. लाज वाटली की मी अशी तोंड सोडते. त्या दिवशी तर जास्तच वाटत होती, नवऱ्यापुढे नाही, ताईपुढे.

मी ताईला फोन केला. चूक माझी आहे, हे आधी सांगितलं. ती म्हणाली, “गाण्याचं जाऊ दे. त्याच्या आधी तू पंखा का बंद केलास?”

मला कळेना. तिने समजावलं. ते मिनिट रिकामं नसतं. माइक उघडा असतो. पंखा ऐकू येतो, मागच्या अंगणातला कोंबडा येतो, तिचा श्वास येतो. डोंगरातल्या माणसाला त्यावरून समजतं की राजधानीत कोणीतरी आपल्यासाठी बसलंय. मी तो सगळा बारीक आवाज कापला होता. गाणं लागायच्या आधी वीस सेकंद त्यांना वाटलं की रेडिओच गेला.

मग मात्र मी ठरवलं. बॉसचा रिपोर्ट टेबलावर तसाच ठेवला, माझा वेगळा लिहिला, माझ्या सहीचा, आणि रजा टाकून स्वतःच्या तिकिटाने तिकडे गेले. जाताना तो फॉर्म छापून बरोबर घेतला.

तिथले संचालक सभ्य गृहस्थ होते. मी फॉर्म समोर ठेवून त्या ‘नाही’वर बोट ठेवलं. त्यांनी तो दोनदा वाचला. “यंत्र महागाचं आहे,” ते म्हणाले. “आपण शांतताच पंधरा सेकंदांची करू.”

“नको,” मी म्हणाले. “यंत्र मी बदलते.”

दोन दिवस लागले. आवाज कापणारं यंत्र काढून टाकलं. पहारेकऱ्याला एक साधा खटका जोडला, माइकशेजारी. तो दाबून धरला आहे तोवर यंत्राने गप्प राहायचं. बोट उचललं की त्याचा पहारा पुन्हा सुरू.

“दाबून धरायला माणूस लागेल,” संचालक म्हणाले.

“हो. ज्याला मिनिट कळतं असा.”

त्यांनी टेपांच्या खोलीत निरोप पाठवला. एक दिवस बघू, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताई आली, चष्मा पुसून बसली. मी काचेपलीकडे कंट्रोल रूममध्ये, शेजारी संचालक. लॉग मी लिहीन म्हणून मागून घेतला होता. बारा वाजता तिने यादी वाचली. चार नावं. खटका दाबला. आवाजाची पातळी दाखवणारा काटा तळाशी गेला, पण पडला नाही, तिथेच थरथरत राहिला. पंखा. दूर कुठेतरी कोंबडा. वीस सेकंद झाले, तीस झाले. माझा हात सवयीने बटणांकडे निघाला, तो मी दुसऱ्या हाताने धरून ठेवला.

साठ सेकंदांनी तिने बोट उचललं आणि हातातल्या कागदाखालून दुसरा कागद काढला. तो त्या दिवसाच्या कार्यक्रमात नव्हता. तिने सात नावं वाचायला सुरुवात केली. ती मला तंत्रज्ञाकडून फोनवर ऐकून पाठ झाली होती, म्हणून दुसऱ्या नावालाच मी ओळखली. साबणाच्या गाण्याच्या दिवशीची ती नावं होती. त्यांची माती केव्हाच झाली होती. मिनिट तेवढं राहिलं होतं.

संचालक खुर्चीत पुढे झाले. मला वाटलं थांबवतील. ते उठून उभे राहिले आणि तसेच राहिले, मग मीही उठले. ताईने पुन्हा खटका दाबला.

मिनिट संपल्यावर लॉग माझ्या हातात होता. तिथल्या लॉगबुकातही माझ्या पहिल्या नोकरीतला तोच रकाना असतो, सगळ्या सरकारी रेडिओंत असतो: प्रसारणातील खंड व कारण. उभ्यानेच मी लिहिलं. शांतता, दोन मिनिटं. खंड नाही. कार्यक्रमाप्रमाणे.