एक्केचाळिसावी

सप्टेंबरात आमच्या वर्गाच्या काचा बाहेरून घामेजायच्या. आत एसीचा गारठा, बाहेर खाडीवरून आलेली दमट, खारट, जड हवा — आणि काचेवर पाण्याचा पांढुरका थर, पण तो पलीकडच्या अंगाला. त्यामुळे त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं नाही, नाकडोळे काढता यायचे नाहीत. नुसतं बघत बसायचं. त्या खिडक्यांना कडी नव्हती की बिजागरी नव्हती, चारी बाजूंनी काळ्या रबराची पट्टी दाबून बसवलेली. दुबईतच वाढलेल्या मुलीला त्यात वावगं वाटायला नको होतं. पण माझा तिथे जीव कोंडायचा, हे आज सरळ सांगून टाकते.

शाळा कुणा एका मालकाची नव्हती. आमच्या जन्माच्या कितीतरी आधी दुबईच्या देरा भागातल्या काही कारकुनांनी आणि व्यापाऱ्यांनी मिळून एका जुन्या व्हिलाच्या दोन खोल्यांत ती सुरू केली, असं दर स्नेहसंमेलनात सांगितलं जायचं. त्या व्हिलातली पितळी घंटा मुख्य दाराशी टांगलेली होती आणि तिला हात लावायला बंदी होती. पुढे चार मजली इमारत उभी राहिली, सकाळी मुली आणि दुपारी मुलगे अशा दोन पाळ्या झाल्या, आणि सर्वांत वरच्या मजल्यावर विज्ञानाची एक निवडक तुकडी निघाली. तिची वेगळी प्रयोगशाळा, वेगळं ग्रंथालय, वेगळे शिक्षक. पार जबल अलीपासून मुली तिची परीक्षा द्यायला यायच्या. नियम एकच — चाळीसच्या वर एकही मुलगी नाही. त्यातली जागा रिकामी व्हायची ती बहुधा एकाच कारणाने: कुणाच्या तरी वडिलांची नोकरी सुटली, व्हिसा रद्द झाला, बिऱ्हाड परत गेलं. ‘त्यांचं कॅन्सल झालं,’ एवढंच लोक म्हणायचे, कुणी वारल्याची बातमी सांगावी तशा खालच्या आवाजात... आणि पाठोपाठ विचारायचे, ‘मग मुलीची सीट?’

सहावीच्या त्या परीक्षेत माझा नंबर एक्केचाळिसावा आला. मी खालच्या मजल्यावरच्या साध्या वर्गात राहिले, आणि खरं सांगते, मजेत राहिले. दुःख झालं ते आईला. आई पुण्याची, रसायनशास्त्रात एम.एस्सी. तिच्या पासपोर्टातल्या व्हिसावर ‘नोकरीस परवानगी नाही’ असा शिक्का होता आणि तिची प्रमाणपत्रं कपाटात, बाबांच्या इस्त्रीच्या शर्टांखाली, एका प्लास्टिकच्या फाइलमध्ये होती. कधीतरी ती फाइल काढायची, पुसायची, परत ठेवायची. मला त्या फाइलची भीती वाटायची.

मृणाल चाळिसांतली. आमच्याच इमारतीत दोन मजले वर राहायची, आणि शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारी बसायची. ती बस... डिझेलचा, ओल्या सीटकव्हरचा आणि कुणाच्या तरी डब्यातल्या लसणीचा वास. ‘यल्ला, यल्ला, बैठो सब’ अशी घाई करत दार ओढून घेणारी आया. आणि खिडकीबाहेर सरकणारी, लवंग-वेलचीची पोती मांडलेली दुकानं, ज्यांचा वास आमच्यापर्यंत कधी पोचायचा नाही. तिथेच, सातवीत असताना, एका सकाळी मृणाल माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “बाबांची नोकरी गेली. शारजात दुसरी बघतायत. तोवर कुणाला कळू द्यायचं नाहीये. शप्पथ घे.”

मी घेतली. आणि संध्याकाळी आईला सांगितलं. आईला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं नव्हे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. वेडपट कुठली.

आई भाजी चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली.

“कधी गेली नोकरी?”

“माहीत नाही. तू कुणाला बोलू नकोस हं.”

“मी कशाला बोलतेय,” आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने शाळेच्या ऑफिसला फोन केला. पुढे कितीतरी वर्षांनी मी तिला जाब विचारला, तेव्हा ती म्हणाली, “मी नाव घेतलं नाही गं. आपल्या इमारतीतल्या एका मुलीची जागा सुटणार आहे का, एवढंच विचारलं.” आमच्या इमारतीत चाळिसांतली मुलगी एकच होती.

ऑफिसने मृणालच्या बाबांना बोलावून व्हिसाच्या पानाची प्रत मागितली. ते मानी गृहस्थ. महिन्याची मुदत मागितली असती तर कदाचित मिळाली असती, पण आपली गोष्ट चव्हाट्यावर आली या विचारानेच ते खचले. त्यांनी त्याच गुरुवारी तिचा दाखला काढला, आणि आठवड्यात मायलेकींना कोल्हापूरला धाडलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्यांना शारजात नोकरी लागली. पण तोवर मृणालच्या जागेवर मी बसले होते. ते एकटेच राहिले, देऱ्यात चौघांच्या खोलीत, कितीतरी वर्षं. त्या दोघी परत आल्याच नाहीत.

माझ्या नव्या बाकाच्या खणात, अगदी आत, वहीच्या कागदाची घडी सापडली. मृणालचं तिरकं अक्षर. ‘अशू, ही सीट तुलाच मिळणार. खिडकीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात रबर सुटलंय. तिथे बोट ठेव, बाहेरची हवा लागते. फिजिक्सच्या तासाला उपयोगी पडतं.’ मी बोट ठेवलं. दाभणाएवढी गरम, खारट हवेची रेघ नखाखाली शिरली आणि मला रडू फुटलं. वेटिंग लिस्टवर पहिली मीच होते, म्हणून तिने अंदाज बांधला असेल — अशी मी माझी समजूत घातली. बिचारीला काही ठाऊक नाही, असं चार वर्षं स्वतःला सांगत राहिले.

त्या तुकडीतून मी दोनदा सुटायचा प्रयत्न केला. एकदा गणिताचा पेपर अर्धा कोरा दिला, एकदा सरळ म्हटलं, “आई, मला खाली जाऊ दे.” आई रागावली नाही. एवढंच म्हणाली, “एक मुलगी गेली तेव्हा तू वर गेलीस. आता उतरायचं म्हणतेस?” फोन तिने केला होता, पण तोंड मी उघडलं होतं. मी दहावीपर्यंत त्याच बाकावर बसले, पहिल्या पाचांत आले, आणि आईने माझी गुणपत्रिका तिच्या फाइलमध्ये ठेवली.

मी अजून दुबईतच आहे. शाळा नव्या जागेत गेलीय, तुकडी मात्र चालू आहे, चाळीसचीच. मागच्या महिन्यात माझ्या मुलीने तिचा फॉर्म आणला. “मम्मा, आय डोन्ट वॉन्ट इट,” ती म्हणाली. मी फॉर्म तिच्यासमोर फाडला आणि तिला आश्चर्य वाटेल इतका वेळ तिला जवळ धरून बसले.

मग फोन घेतला. मृणाल कोल्हापूरला असते, दिवाळीला आमची शुभेच्छांची देवाणघेवाण होते, बाकी काही नाही. तिला सगळं लिहिलं — बस, शप्पथ, आईचा फोन. पुसलं, परत लिहिलं, आणि डोळे मिटून पाठवलं.

उत्तर दहा मिनिटांत आलं.

‘अगं, मी फक्त तुलाच तर सांगितलं होतं. बाबांना ऑफिसने बोलावलं त्याच दिवशी कळलं मला.’

म्हणजे चिठ्ठी लिहिताना तिला माहीत होतं.

खाली आणखी एक ओळ होती. ‘त्या खिडकीचं रबर बदललं का गं नंतर?’

बदललं होतं. आठवीच्या पहिल्याच आठवड्यात माणसं आली आणि ती फट बुजवून गेली. हे मी तिला अजून कळवलेलं नाही.