देवाजीचं जांभळं पीक

…हां, तर काल आपण देवाजीला प्रयोगशाळेच्या दारात, चपला हातात घेऊन उभं सोडलं होतं. सोबत वामनराव, कुरखेड्याकडच्या नाटक मंडळीचे मालक. हिवतापातून उठल्यापासून गावात एकच बोंब होती, देवाजीचं रगत पातळ झालं! मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकात राजा म्हणजे देवाजीच, हे सगळ्या झाडीपट्टीला ठाऊक. पण यंदा वामनराव म्हणाले, "राजा आपल्या मंडळीतला मुखरू करन. तू सिंहासनावरून पडला तं माही इज्जत जाईन."

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेतल्या साबिराबाईनं हिवताप होऊन गेलेल्यांचं रक्त नेलं होतं, देवाजीचंही. त्यातल्या रोगाशी लढणाऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या, बारीक खळग्यांच्या प्लेटीत घालून उबेच्या कपाटात ठेवायच्या, आणि वाढतात किती ते मोजायचं, हे तिचं काम. देवाजीनं ठरवलं, रगत पातळ की दाट, निवाडा तिथंच. वामनरावांना एसटीत खिडकीची जागा देऊन घेऊनच आला.

साबिराबाईनं सकाळीच खळग्यांत पिवळा रंग सोडला होता. आता प्लेट काढली. वरची ओळ पिवळी, खालची जांभळी.

देवाजीनं टुणकन उडी मारली. "पिकलं! वामनराव, पिवळं पडलं पाहा! कापनीले आलं!" मग नजर खाली गेली अन् तोंड उतरलं. "पन बाई, खालती करपा लागला काय?"

साबिराबाई हसून हसून स्टुलावर बसली. "भाऊ, हे धान नाई! इथं उलटं. पेशी जितक्या वाढतात तितका हा रंग जांभळा होतो. पिवळा राहिला म्हणजे वाढल्याच नाई."

"मंग वरचं रगत मुखरूचं असन!"

"दोन्ही तुमचंच. वरच्यांना नुसतं खाणं दिलं, त्या निजून राहिल्या. खालच्यांना राजम्यातून काढलेलं सत्त्व दिलं. त्यानं त्या जाग्या होतात. मस्त वाढल्या तुमच्या." मग बोट उगारून म्हणाली, "पण हे नाटकाचं सर्टिफिकेट नाई हां!"

वामनरावांनी मिशीवरून हात फिरवला. "आयकलं काय? तुहं रगत राजम्याबिगर उठत नाई. मंडईत तुले राजमा कोन चारन?"

देवाजीनं चपला काखेत मारल्या, छाती काढली आणि राजाचा आवाज लावला. कपाटाची काच थरथरली म्हणतात.

"वामनराव, तुमची मंडळी तरी पेटी वाजल्याबिगर कवा उठली? मंडईत पेटी वाजवा, मंग पाहा राजा कोन हाय ते!"