झोपेतल्या माणसाच्या हाती विमान

प्रज्ञा विमान उडवते याचं तळा गावात केवढं कौतुक होतं! तिच्या कंपनीतल्या वैमानिकांनी संप पुकारला आणि ते कौतुक एका दिवसात ओसरलं.

ती घरी आली, आणि तिच्या पाठोपाठ तिचा चुलत भाऊ सम्यक विमानतळावरून बॅगांसकट परत आला. आखातातल्या दोह्यात त्याला पहिली नोकरी लागली होती. विमान रद्द झालं होतं.

"ताई, हमालानं संप केला तर समजू शकतो," पडवीत बॅग आपटत तो म्हणाला. "तुम्हाला काय कमी आहे? एवढा पगार, हॉटेलं, गाड्या! आणि हाल आमचे."

"पगार चांगला आहे, नाकारत नाही," प्रज्ञा म्हणाली. "पण मंदीत कापलेला पगार कंपनीनं अजून परत दिलेला नाही, आणि त्याच पगारात उड्डाणं वाढवली. वाढवली म्हणजे झोप कापली."

"सगळेच दमतात."

"हो. पण मागच्या महिन्यात उतरायच्या वेळी माझ्या शेजारचे कॅप्टन डोळे उघडे ठेवून झोपले होते. मी हाक मारली, ते हलले नाहीत. विमान मी उतरवलं. मागे लोक टाळ्या वाजवत होते. तू त्यात असतास तर?"

सम्यक नरमला नाही. "मग वेळेत रजा घ्यायची. माझी नोकरी कशाला पणाला लावता?"

एवढ्यात प्रज्ञाचा फोन वाजला. कंपनीचा निरोप होता: संध्याकाळपर्यंत हजर व्हा, नाहीतर बडतर्फ.

प्रज्ञाचे वडील दत्ताराम न्हावा शेव्याच्या बंदरात ट्रेलर चालवायचे. ते घाबरले. "पोरी, जा. आपल्या घरातून इथवर कोण पोचलं हाय? हातचं घालवू नको."

"बाबा, मी गेले तर उद्या पुन्हा तसंच विमान उतरवायचं. तुम्हीच सांगायचात ना, डुलकी लागली तर ट्रेलर बाजूला घ्यायचा? आकाशात बाजू नसते."

तिने सगळ्यांदेखत उत्तर पाठवलं: येणार नाही.

दत्तारामांनी तिच्या हातातला फोन घेऊन ते उत्तर वाचलं. मग सम्यककडे वळून म्हणाले, "तुझं नुकसान झालं, खरं हाय. पण हिचं चुकलं म्हणून न्हाय झालं."

संप मिटला, बडतर्फीही मागे घेतली गेली. विश्रांतीचे तास वाढले, पगाराचं अर्धंच मान्य झालं. पुढे राहून बोलणाऱ्यांकडून कंपनीनं माफीनामा लिहून मागितला. प्रज्ञाने लिहिला नाही, म्हणून तिची कॅप्टनची बढती रोखली. तिच्या मागून आलेले कॅप्टन झाले. ती अजून सहवैमानिक म्हणून त्यांच्या शेजारी बसते.

सम्यकसाठी दोह्याची कंपनी थांबली. निघताना तो म्हणाला, "ताई, मला अजून पटलेलं नाही."

"नसू दे पटलेलं," ती म्हणाली. "पुन्हा वेळ आली तर मी पुन्हा हेच करीन."