तान्ह्या डोकऱ्याचं वय

तान्हा डोकरा कुणालाही भेटला की आधी आपलं वय सांगायचा. मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्याच्या मिशा पांढऱ्या होत्या, समोरचे दोन दात गेलेले होते आणि त्याच्या थोरल्या नातीचं लग्न ठरत होतं. खांडबाऱ्याच्या स्टेशनाबाहेर त्याने माझं सामान डोक्यावर घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, मी चार वरीसना शे." मी हसलो. तो हसला नाही. "भात कापनीले चार पुरा व्हयनात. आते पाचवं लागनं."

तेव्हा आमचा सगळा मुलूख पश्चिम खानदेशात मोडायचा. मी मूळचा म्हसावदकडचा. मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून नेमणूक झाली आणि मी या जंगलपट्टीत आलो. अहिराणी माझीही घरची बोली, पण मास्तर झाल्यावर मी ती टाकून दिली होती. डोकरा घरी मावची बोलायचा आणि आमच्याशी बाजारातली अहिराणी. त्याचं खरं नाव गोमा. चार वर्षांपूर्वी त्याचा नवा जन्म झाला होता आणि तेव्हापासून तो आपलं वय नव्याने मोजत होता, म्हणून वस्तीने त्याचं नाव तान्हा डोकरा, म्हणजे तान्हा म्हातारा, ठेवलं होतं. हे नाव त्याला फार आवडायचं.

नव्या जन्माची हकिगत तो मागितल्याशिवायही सांगायचा. बाजारात एका प्रचारकाने सांगितलं, की माणसाला पुन्हा जन्मावं लागतं. गोमाने ते अगदी शब्दशः घेतलं आणि सरळ सुईणीकडे गेला. तिने झाडू उचलला. "तुन्ही माय मरीसन वीस वरीस व्हयनात. आते तुले कोन पोटमा ठेवी रे?" तो निमूट परत आला. पुढे काही महिन्यांनी ते आपोआपच झालं. बांधावरून सख्ख्या भावाशी त्याचं अकरा वर्षं वैर होतं. "एक दिन सकायले उठनू," तो सांगायचा, "भाऊवरना राग धुंडा, तं सापडना नही. घरमा देखा, खळामा देखा. कुऱ्हाड हारपावर धुंडतंस ना, तसा धुंडा." शेवटी राग भावाच्याच घरी राहिला असेल असं वाटून तो तिकडे पाहायला गेला. भावाने घाबरून काठी घेतली. याने पाणी मागितलं. तोच त्याचा जन्मदिवस. त्या दिवशी तो दरवर्षी रविवारच्या शब्बाथशाळेतल्या मुलांना गूळ वाटायचा, आणि वयाला शोभेल अशा रीतीने स्वतःही त्यांच्या रांगेत बसून खायचा.

मी आलो तेव्हा मिशनचे गोरे साहेब रजेवर मायदेशी गेले होते आणि मंडळीचा, म्हणजे तिथल्या चर्चचा, कारभार तीन पंचांकडे होता. मुख्य पंच सुतारमामा, दुसरे एक वयस्कर शेतकरी आणि तिसरा चिटणीस म्हणून मी. नियम आधीपासून होते, पण विस्कळीत. मी ते नीट मांडून, क्रमांक घालून, वाढवून चाळीसपर्यंत नेले. मला त्याचा अभिमान होता. गळ्यापर्यंत बटणं लावल्याशिवाय उपासनेला बसू नये. दारू गाळतात म्हणून मोहाच्या फुलाला हात लावू नये. रविवारी शेतात कसलंही काम करू नये. या शेवटच्या नियमावर तक्रार आली, की पाखरं ज्वारी खातात आणि ती वार पाहत नाहीत. आम्ही तिघे दुपारभर बसलो आणि ठराव केला: रविवारी गोफण चालवू नये, मात्र हात हलवल्यास हरकत नाही. पुढच्या रविवारी उपासनेनंतर सारी ख्रिस्ती वस्ती बांधाबांधावर उभी राहून हात हलवत होती. रेल्वेच्या गाडीतले लोकही खिडकीतून हात हलवू लागले.

तान्हा डोकरा मात्र मचाणावर बसून भजन म्हणत होता. त्याचा आवाज असा, की पाखरंच काय, शेजारच्या शेतातले बैलही निघून गेले. मी विचारलं, "बाबा, हे काम झालं की भक्ती?" तो म्हणाला, "माले काय ठाऊक, गुरुजी. पाखरूसले इचारा."

नियमांवर तो कधी चिडला नाही. लहान मूल घरातल्या मोठ्यांचं ऐकतं, तसा ऐकायचा आणि विसरायचा. बटणं चुकीच्या काजात लावून यायचा. मी ती सोडून पुन्हा लावायचो तेव्हा हनुवटी वर करून उभा राहायचा.

आमचं बिनसलं ते साक्षीच्या सभेत. तिथे प्रत्येकाने उठून आपला नवा जन्म कधी झाला ते सांगायचं असे. माझी पाळी आली. मी ख्रिस्ती घरात वाढलेला, वचनं तोंडपाठ, व्यसन कसलंच नाही. पण असा दिवस माझ्या आयुष्यात आला नव्हता. चिटणिसाला तारीख नाही असं कसं चालेल? मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं आणि मार्चमधला एक गुरुवार सांगितला. सर्वांनी माना डोलावल्या. सभा सुटल्यावर डोकरा धावत आला. माझे दोन्ही हात धरून त्याने विचारलं, "त्या दिनले तुमनं काय हारपनं, गुरुजी?"

"हरवलं काही नाही. मी प्रार्थना केली."

"आनी उठनात तवय? काय सापडना नही?"

मी म्हणालो, मला शाळेची हजेरी घ्यायची आहे. तो दिवस रविवार होता. त्यानंतर तो समोर आला की मला त्याच्या पांढऱ्या मिशासुद्धा सहन होईनात.

महिन्याभरात मी पंचांपुढे विषय काढला. नियम नववा: बारा वर्षं पुरी झाल्याशिवाय प्रभुभोजन देऊ नये. प्रभुभोजन म्हणजे ख्रिस्ताच्या स्मरणार्थ वाटायची भाकरी आणि द्राक्षरस; नियम अर्थातच मुलांसाठी होता. मी म्हणालो, गोमा स्वतःचं वय चार सांगतो. हे खोटं असेल तर तो खोटं बोलणारा, आणि खरं असेल तर वयात न आलेला. दोन्हीकडून त्याला प्रभुभोजन देता येत नाही. सुतारमामांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवली. "मास्तर, हा माणूस माझ्यापेक्षा मोठा आहे हो." मी म्हणालो, "मग त्याने तसं सांगावं. विषय मिटला."

डोकऱ्याला बोलावलं. सुतारमामा अगदी अजिजीने म्हणाले, "गोमाभाऊ, एकदा फक्त साठ म्हण. मग घरी जाऊन काय मोजायचं ते मोज."

डोकऱ्याने खरंच प्रयत्न केला. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाला, "ते वय ज्यानं व्हतं तो मरी गया, मामा. मरेल मानूसनं वय मी मन्हं कसं सांगू?"

"मग नियमाप्रमाणे तुला बारा वर्षांचं व्हावं लागेल," मी म्हणालो.

त्याने बोटं मोजली. त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं तो रडेल, भांडेल. "आठ वरीस. थांबसू मी. पोऱ्यासनी घाई कराले नको."

आणि तो खरोखर थांबला. महिन्याच्या पहिल्या रविवारी भाकरीचं तबक फिरायचं तेव्हा तो पुढे मुलांच्या रांगेत मांडी घालून बसलेला असायचा आणि तबक कुठवर गेलं ते मान वळवून पाहायचा. मुलं त्याला विचारायची, "तान्ह्याबाबा, तुले अजून कितला वरीस?" तो सांगायचा: सात. पुढे सहा. एकदा त्याच्या शेजारी बसणाऱ्या पोरीला बारा पुरी झाली आणि तिला भोजन मिळालं. ती मागे मोठ्यांत जाऊन बसली तेव्हा तो इतका खूश झाला, की उपासना चालू असताना उठून तिला आपणही येतोय हे सांगायला गेला, "मी बी ई ऱ्हायनू. थांब."

साहेब परत येणार असं कळलं तेव्हा मला धास्ती वाटली. ठरावाचं पुस्तक ते वाचणार, आणि त्यात लिहिलेलं: गोमा यास वय चार असल्याने प्रभुभोजनातून वगळले. मी ते पुस्तक स्वच्छ अक्षरात पुन्हा उतरवून काढलं. त्या ठरावाशी आल्यावर टाक पुसून पुन्हा शाईत बुडवला आणि लिहिलं: असत्य भाषणाबद्दल वगळले. जुनं पुस्तक चुलीत घातलं. साहेबांनी अक्षराची तारीफ केली.

आठ वर्षं गेली. सुतारमामा वारले. दुसरे पंच मुलाकडे सुरतेला गेले. भात कापणी झाली आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तान्हा डोकरा मोठ्यांच्या रांगेत येऊन बसला. सदरा धुतलेला. बटणं पहिल्यापासून शेवटपर्यंत बरोबर काजात; कुणाकडून तरी लावून घेतली असणार. सगळी वस्ती त्याच्याकडे पाहून हसत होती, आणि ते हसणं चांगलं होतं.

साहेबांनी पुस्तक उघडलं. त्यांचं मराठी पुस्तकी, पण शुद्ध. "गोमाबाबा, आपण असत्य बोलला होतात. प्रथम त्याची कबुली द्यावी."

मागून सुतारमामांची विधवा म्हणाली, "खोटं नाही, साहेब. त्याचं वय कमी होतं. तो बाराचा व्हायला थांबला होता." दोघातिघांनी दुजोरा दिला.

साहेब मोठ्याने हसले. "अशा कारणासाठी कोणी शहाणा पंच ठराव करील काय?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, असे घडले होते काय?"

ते हसले नसते तर मी खरं सांगितलं असतं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला समजावलं. मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेच घडलं."

सुतारमामांची विधवा खाली बसली. मास्तर आणि पुस्तक दोन्ही एकच सांगत होते. डोकरा माझ्याकडे पाहत राहिला, आणि त्याच्या तोंडावर राग नव्हता. साहेबांना तो म्हणाला, "खोटं बोलनू व्हसू मी. कोनतं ते सांगा, लगेच माफी मांगस." साहेबांनी पुस्तक पाहिलं. त्यात ते नव्हतं. "आपणच आठवावे." डोकऱ्याने डोळे मिटून खूप वेळ आठवलं. मग हळूच म्हणाला, "नही सापडत, साहेब. आनी जे नही बोलनू ते बोलनू म्हनसू, तं तेच खोटं व्हई."

तो उठला आणि पुढे मुलांच्या रांगेत जाऊन बसला. मुलांनी सरकून जागा केली. तबक फिरलं. माझ्यापाशी आलं तेव्हा मी त्यातली भाकरी घेतली आणि खाल्ली.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला तो मला स्टेशनच्या वाटेवर भेटला. फडक्यात टेंभुरण्या होत्या, रानातली पिकलेली पिवळी फळं. त्याने ओंजळभर मला दिल्या आणि माझ्या तोंडाकडे पाहत म्हणाला, "तब्येत बरी नही दिखत तुमनी, गुरुजी. निजत जा." गाडीची वेळ झाली होती. मी गेलो. आठवड्याभरात त्याला ताप आला आणि तो वारला. त्याचा भाऊ, ज्याच्यावरचा राग सापडला नव्हता, तो उशाशी बसून होता असं मला सांगितलं. मी गेलो नव्हतो.

गेल्या वर्षी मी काठी टेकत आमच्या मंडळीच्या आताच्या चिटणिसाकडे गेलो. तरुण, सभ्य मुलगा आहे. त्याला सगळं सांगितलं आणि म्हणालो, तो ठराव रद्द करा. त्याने जुनी नियमावली काढली, वाचली आणि संकोचून माझ्यापुढे सरकवली. नियम चौतिसावा: ज्याच्याविरुद्ध ठराव झाला असेल त्याने स्वतः हजर राहून अर्ज केल्याशिवाय तो ठराव बदलता येणार नाही.

"तो कधीच वारला, बाळ."

"हो, आजोबा. पण त्याच्या वतीने दुसऱ्याने करावा, असं यात कुठे नाही." मग तो म्हणाला, "नियम तुमचाच आहे."

मी चष्मा पुसून दोनदा वाचला. वाक्य नेटकं होतं. कुठे फट ठेवली नव्हती.

तेव्हा तिथे जे लिहिता येत नाही ते इथे लिहितो. मार्चमधला तो गुरुवार मी कॅलेंडरवर पाहून सांगितला होता. पुस्तकातला ठराव मी बदलला. साहेबांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. गोमा खोटं बोलला नव्हता. त्या रविवारी त्याला बारा वर्षं पुरी झालेली होती, आणि तो वेळेवर आला होता.