शिंगाच्या मुठीचा चाकू

त्याचं नाव मी तोंडाने घेणार नाही. सोलापुरात आमच्या शेजारी राहायचा, गिरणीत कारकून होता. घडीचे चाकू जमवायचं त्याला वेड. करमाळ्याहून, मैंदर्गीच्या बाजारातून आणलेले वीसेक चाकू पेटीत होते. रोज सकाळी एकाचं पातं तेलाने पुसून तो खिशात घालायचा. पण त्यांनी त्याने साधा कांदाही कधी कापला नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी पाला विकत आणून एक शेळी जगवली. एकदा तिने भिंतीवरून पलीकडे उडी मारली आणि गळ्यातल्या दाव्याला लटकली. मी तिला खालून उचलून धरलं आणि त्याला हाक मारली.

"अवो, दावं कापा की! फास बसलाय."

त्याने खिशातला शिंगाच्या मुठीचा चाकू काढला, उघडला आणि परत मिटला.

"काथ्यानं धार जाती, मावशी. थांबा, घरातला जुना आणतो."

"मुडद्या, मरंल की ती!"

तो पळत गेला, पळत आला. तोवर माझे हात गळाले होते आणि शेळीची जीभ बाहेर आली होती. त्याने एका फटक्यात दावं कापलं. शेळी धपकन पडली. तिच्याकडे न बघता तो पात्यावर अंगठा फिरवत म्हणाला, "बगा मावशी, जुन्यालाबी लई धार हाय की."