आमच्या प्रभारी मॅडम

स्टोअर सांभाळणाऱ्या माणसाकडे जुने वॉशर आणि किस्से न मागता जमा होतात. दोन्ही कोणी लिहून देत नाही, कोणी परत मागत नाही, आणि फेकून द्यायला मात्र जीव होत नाही. तारापूरच्या एमआयडीसीत आमची कंपनी औषधांना लागणारी पावडर बनवते. माझं स्टोअर प्लॅन्टच्या तोंडाशीच आहे. वस्तू न्यायला येणारा प्रत्येक माणूस सही करता करता काहीतरी सांगून जातो. त्यातले रेखा मॅडमचे किस्से आता इतके झालेत की त्यांना वेगळा कप्पा करावा लागला.

रेखा मॅडम नवापूरच्या. घर मच्छीमारांचं, नवरा बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख. मॅडम आमच्याकडे लॅबमध्ये केमिस्ट म्हणून लागल्या, मग शिफ्टच्या इन्चार्ज झाल्या. मग आमचे प्लॅन्ट हेड जास्त पगारावर वापीला गेले आणि त्यांची खुर्ची मॅडमना मिळाली. खुर्ची मिळाली, पण दारावरच्या पाटीवर नावाखाली लिहिलं होतं, 'प्लॅन्ट हेड (प्रभारी)'. नवा माणूस सापडेपर्यंत, असं मुंबईच्या हेड ऑफिसने कळवलं होतं.

म्हणजे काम पूर्ण, खुर्ची अर्धी. आमच्याच कंपनीच्या शेजारच्या प्लॅन्टचे सावंत साहेब उरलेल्या अर्ध्या खुर्चीवर डोळा ठेवून होते. ते रोज काहीतरी निमित्त काढून आमच्याकडे यायचे आणि केबिनचे पडदे कसे हवेत यावर मत देऊन जायचे.

*

मॅडम खुर्चीवर बसल्या त्याच आठवड्यात अंकलेश्वरचा एक सॉल्व्हेंटवाला भाव ठरवायला आला. केबिनमध्ये शिरला, मॅडमना पाहिलं आणि समोर बसून मोबाइल काढला.

"मॅडम, साहब को बोलिए मैं आया हूँ. और चाय थोड़ी कड़क."

मॅडम उठल्या, बाहेर आल्या, कँटीनला दोन कडक चहा सांगितले. मग वळून स्वतःच्याच दारावर टकटक केलं आणि आत गेल्या.

"साहब आ गए," म्हणाल्या. "बोलिए, क्या भाव लाए हैं?"

तो माणूस बाहेर पडला तेव्हा माझ्याकडे गेटपासची सही घ्यायला थांबला. कपाळ पुसत होता. मला म्हणाला, "भाईसाब, ये मॅडम पहले क्या करती थीं?"

मी म्हटलं, "लहानपणी आईबरोबर बोईसरच्या बाजारात मासळी विकायला बसायच्या."

"तो पहले बताना चाहिए था ना," तो म्हणाला, "मैं फोन पर ही भाव दे देता."

*

आमच्या प्लॅन्टमध्ये स्त्रियांसाठी टॉयलेट नव्हतं. ते होतं अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये, पार पलीकडच्या टोकाला, गेटच्या बाजूला. प्लॅन्ट बांधणाऱ्याच्या मनात प्लॅन्टमध्ये बाई येईल हे आलंच नसावं. मॅडमनी एचआरच्या जाधव साहेबांना विचारलं. जाधव साहेब माणूस वाईट नाही, पण प्रत्येक गोष्ट त्यांना 'पुढच्या बजेटमध्ये' दिसते.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून सकाळची मीटिंग प्लॅन्टऐवजी अ‍ॅडमिन बिल्डिंगमध्ये सुरू झाली. मॅडमचं म्हणणं असं, की मला तिकडे यावंच लागतं, मग एका फेरीत दोन कामं होतील. मेन्टेनन्सवाले, क्वालिटीवाले, शिफ्टचे इन्चार्ज, सगळे जड सेफ्टी शूज घालून उन्हातून चालत जायचे. जाताना घाम आणि येताना शिव्या. बुटांची पिवळी पावडर अ‍ॅडमिनच्या पांढऱ्या लादीवर उमटायची. अकाउंट्सच्या लोकांनी तक्रार केली. तक्रार गेली एचआरकडे.

गवंडी कुठल्या बजेटमधून आला ते मला आजही माहीत नाही. सिमेंट मात्र माझ्याच स्टोअरमधून गेलं.

काम झाल्यावर जाधव साहेब उत्साहाने म्हणाले, "मॅडम, कंपनीच्या मासिकासाठी उद्घाटनाचा एक फोटो घेऊ या?"

"घ्या," मॅडम म्हणाल्या, "बाहेरून घ्या."

*

मग मुंबईहून एक ट्रेनर बाई आल्या. विषय होता, स्त्रियांमधलं नेतृत्व. पॅकिंग विभागातल्या सगळ्या बायकांना कामावरून उठवून एसी हॉलमध्ये बसवलं. सगळ्यात पुढे कमळबाय. ती मूळची दातिवऱ्याची, लग्न होऊन नवापूरला आलेली. घरची मासळी विकून झाली की पॅकिंगच्या शिफ्टला येते.

ट्रेनर बाईंनी फार गोड आवाजात विचारलं, "तुमच्यापैकी किती जणींच्या घरात पैशांचे निर्णय पुरुष घेतात? संकोच करू नका."

एकही हात वर झाला नाही. बाईंना वाटलं, बिचाऱ्या घाबरल्यात. त्यांनी आणखी गोड आवाजात तेच पुन्हा विचारलं.

शेवटी कमळबायला राहवलं नाही. "बाय, पुरुष मासा आणून किनाऱ्यावर टाकतो. म्होरचं त्याला कोण इचारतं?"

बाईंनी वहीचं पान उलटलं. मग नाटक करायचं ठरलं. जाधव साहेबांनी मीटिंगमध्ये मध्येच बोलणारा उद्धट पुरुष व्हायचं आणि कमळबायने त्याला नम्रपणे पण ठामपणे थांबवायचं. वाक्यही पडद्यावर लिहून दिलं होतं, 'कृपया मला माझं म्हणणं पूर्ण करू द्या.'

जाधव साहेब उभे राहिले आणि हात नाचवत बोलू लागले. कमळबायने पडद्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"आधी बूड टेक," ती म्हणाली. "उभ्या गिऱ्हाइकाशी मी बोलत नाय."

जाधव साहेब बसले. नाटक म्हणून नाही, खरंच बसले.

ट्रेनर बाई म्हणाल्या, "छान, पण याच्यात नम्रता थोडी वाढवता येईल."

"वाढवली ना," कमळबाय म्हणाली. "बाजारात अस्ती तर टोपली उचलून निघाली अस्ती."

*

परदेशातल्या एका गिऱ्हाइकाने विचारलं, तुमच्या कंपनीच्या नेतृत्वात विविधता किती आहे? हेड ऑफिसमधून आदेश आला, फोटो पाठवा. जाधव साहेब फोटोग्राफर घेऊन प्लॅन्टमध्ये फिरू लागले.

आमचा बॉयलर लक्ष्मण बघतो. बॉयलर, पाणी, वाफ आणि त्यावरची सगळी माणसं त्याच्या हाताखाली. मनोरच्या पुढच्या डोंगरातला वारली माणूस. जाधव साहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"लक्ष्मण, उद्या फोटोला येताना तुमचा पारंपरिक पोशाख घालून ये. हातात ते तारपा वाद्यही असू दे. चांगलं दिसेल."

लक्ष्मण युनिफॉर्ममध्ये होता. त्याने प्रेशरच्या काट्यावरून नजर न हलवता विचारलं, "साहेब, तुमी कुठले?"

"कोल्हापूरकडचा."

"मंग तुमी तुमच्या आज्याचा पोशाख घालून या. मी माझ्या आज्याचा घालतो. दोघं बाजूबाजूला उभे राहू."

जाधव साहेबांचे आजोबा तालमीतले पैलवान होते. आयुष्यभर लंगोटावर वावरलेले. हे जाधव साहेबांनीच आम्हाला एकदा अभिमानाने सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे युनिफॉर्ममध्ये उभे राहिले.

फोटोत मधली खुर्ची रेखा मॅडमना दिली होती. खाली ओळ छापायची होती, 'आमचं नेतृत्व'. मॅडमनी फोटो हातात घेऊन नीट पाहिला.

"जाधव साहेब, यात 'प्रभारी' कुठे दिसत नाही."

"फोटोत कसं दिसेल, मॅडम?"

"मग दारावर कसं दिसतं?"

जाधव साहेब म्हणाले, तो विषय हेड ऑफिसचा आहे.

*

शेवटी हेड ऑफिसने इंटरव्ह्यू लावले. उमेदवार दोन, सावंत साहेब आणि रेखा मॅडम. कंपनीचे नवे मोठे साहेब मुंबईहून स्वतः आले होते.

सावंत साहेब आधी गेले. बाहेर आल्यावर खुशीत होते. त्यांना विचारलं होतं, की पुढच्या पाच वर्षांत प्लॅन्ट कुठे न्याल? त्यावर ते पुष्कळ वेळ बोलले होते, आणि चहाच्या वेळी आमच्याशीही तेवढाच वेळ बोलले.

मॅडमना विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?"

"तांडेल आहेत. बोट घेऊन समुद्रावर जातात."

"म्हणजे बरेच दिवस घरी नसतात?"

"हो."

"मग घर कोण सांभाळतं? म्हणजे, इतकी मोठी जबाबदारी घ्यायची तर..."

मॅडम म्हणाल्या, "सर, त्यांच्या हाताखालीही माणसं आहेत. बोट त्यांच्या ताब्यात देताना हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता."

हे मला मॅडमनी सांगितलेलं नाही. पाणी द्यायला आत गेलेल्या कँटीनवाल्याने सांगितलं. तो म्हणाला, मोठ्या साहेबांनी ग्लास टेबलावर ठेवूच दिला नाही, त्याच्या हातातूनच घेतला.

निर्णय नंतर कळवू, असं सांगून मोठे साहेब गेले. कळवलं काहीच नाही. मॅडम नेहमीसारख्या कामावर येत राहिल्या, पण केबिनमध्ये स्वतःचं असं काही ठेवेनात. चहाचा कपसुद्धा संध्याकाळी पिशवीत घालून घरी न्यायच्या. एकदा मी विचारलं, तर म्हणाल्या, "भाऊ, दुसऱ्याच्या बोटीत आपलं जाळं पसरू नये."

*

आणि मग दसरा आला.

दसऱ्याला आमच्याकडे मशिनांची पूजा होते. ती प्लॅन्ट हेडने बायकोसह करायची, ही पहिल्यापासूनची रीत. पूजा झाली की कंपनीचे मोठे साहेब प्लॅन्ट हेडला शाल देतात आणि वहिनींना साडी. पण यात एक गोम आहे. शाल-साडीचा हा मान फक्त कायम झालेल्या प्लॅन्ट हेडचा. मागे एक साहेब वर्षभर प्रभारी होते. त्यांच्या मिसेस नवी नथ घालून पूजेला बसल्या आणि नुसता पेढा घेऊन घरी गेल्या. पुन्हा त्या कंपनीत आल्या नाहीत. साहेबही फार दिवस राहिले नाहीत.

हे सगळं प्लॅन्टमध्ये झाडूवाल्यापर्यंत सर्वांना माहीत होतं. फक्त मोठे साहेब नवीन होते.

पूजेचं सामान स्टोअरमधून निघतं. जाधव साहेबांनी फोन करून सांगितलं, "दसऱ्याचं सामान काढून ठेवा." मी काढून ठेवलं. हार, नारळ, पेढे, शाल, साडी. शाल आणि साडी काढू नका, असं ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही.

मॅडमचे मिस्टर, जयवंत तांडेल, आदल्या दिवशीच बंदराला लागले होते. उन्हाने रापलेला उंच माणूस, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट. भटजींनी त्यांना मुख्य पाटावर बसायला सांगितलं आणि मॅडमना म्हणाले, "वहिनी, तुम्ही यजमानांच्या हाताला हात लावा."

जयवंत बाजूच्या पाटावर बसले. "मशिनी तिच्या ताब्यात हायत. हात तिचा म्होरं. मी लावतो हाताला हात."

भटजींनी क्षणभर पोथीकडे पाहिलं, मग पावडर बनवायच्या रिअ‍ॅक्टरकडे पाहिलं आणि संकल्प सुरू केला.

पूजा झाली. जाधव साहेबांनी तबकावरचा रुमाल काढला आणि थबकले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी झेंडूच्या हारांकडे पाहत होतो. तोवर मोठ्या साहेबांनी शाल उचललीही होती. सवयीने ते जयवंतांकडे वळले. जयवंत एक पाऊल मागे सरकले आणि मॅडमकडे बोट दाखवलं. शाल मॅडमच्या खांद्यावर आली.

तबकात साडी उरली. मोठ्या साहेबांनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि दुसरं काही न सुचून साडी जयवंतांच्या हातात दिली.

लक्ष्मणने पहिली टाळी वाजवली. मग कोणी थांबेना.

एवढ्यात सावंत साहेब पुढे झाले आणि मोठ्या साहेबांच्या कानाशी लागले. काय सांगितलं ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. मोठे साहेब कानापर्यंत लाल झाले.

"अहो, एक मिनिट," ते जयवंतांना म्हणाले, "ही साडी जरा... म्हणजे तुम्हाला साडीचा काय उपयोग? ती राहू द्या इथे. आपण नंतर बघू."

जयवंतांनी साडी काखेत मारली होती.

"राहू दे साहेब, रंग चांगला हाय," ते शांतपणे म्हणाले. "आन मागल्या वहिनींना दिलेल्या साड्या कंपनीने कधी परत मागितल्या काय?"

पॅकिंगच्या बायकांमधून कोणीतरी खुदकन हसलं. मोठ्या साहेबांनी समोर उभ्या असलेल्या माणसांवरून एकदा नजर फिरवली, मग शाल पांघरून उभ्या असलेल्या मॅडमकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "परत कशी मागणार?"

जाधव साहेबांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला.

जयवंत मॅडमकडे वळले. "काय गं, आता तरी घरी वेळेवर येशील ना?"

मॅडम म्हणाल्या, "आता रोज उशीर."